शेतकऱ्याच्या घरांतील वाट व कोठी

बीं-बियाणें, खतें, पाणी व जनावरें यांविषयीं या मासिकांत नेहमीं लिहिलें जातें. ज्या घरांत पीक अखेर येऊन पडतें, त्या घराच्या आंखणीविषयीं मात्र आम्ही शेतकरी फारसा विचार करीत नाहीं. नवें घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे खोल्या किती, स्लॅब किती जाड, दर्शनी बाजूस रंग कोणता, एवढ्याच गोष्टींचा खल होतो. घरांत माणसें कोणत्या वाटेनें चालणार आणि सामान कोठें राहणार, हे दोन प्रश्न घर उभें राहिल्यावर सुचतात. आणि त्या वेळीं भिंत हालविणें सोपें नसतें.

जुन्या घरांत हे प्रश्न वेगळ्या रीतीनें सुटलेले होते. देशावरील साध्या घरांत अंगणांतून ओसरीवर, ओसरीवरून माजघरांत, व माजघरांतून स्वयंपाकघरांत आणि परसांत असा क्रम असे. वाड्यांत चौकाभोंवतींचे सोपे हीच जाण्यायेण्याची वाट. केवळ चालण्यासाठीं राखलेली, दुसऱ्या कोणत्याहि कामाची नसलेली अशी जागा त्या घरांत जवळजवळ नव्हतीच. सामानाचेंहि तसेंच. दाण्यासाठीं कणगी, बळद व पेव, दिव्यासाठीं कोनाडा, किडुकमिडुक व कागदपत्र यांसाठीं फडताळ, कपड्यांस खुंटी व दांडी, दह्यादुधास शिंकें, आणि वर्षांतून एकदां लागणाऱ्या वस्तूंस माळा. याचा अर्थ जुनें तें सर्व चांगलें असा नव्हे. माजघर अंधारें असे, बाळंतिणीच्या खोलीस वारा नसे, आणि बळदांत एकदां कीड शिरली म्हणजे ती भिंतीच्या फटींतून सहसा हटत नसे.

हल्लीं खेड्यांत बांधलीं जाणारीं स्लॅबचीं घरें बहुधा शहरांतील फ्लॅटच्या नकाशावरून उतरविलेलीं असतात. मध्यें अरुंद पॅसेज, दोहों बाजूंस निजण्याच्या खोल्या, टोंकास न्हाणीघर व संडास. फ्लॅटांत राहणाऱ्यास महिन्याचें धान्य घरांत असलें म्हणजे पुरतें. आम्हांस वर्षाचें धान्य, पुढील हंगामाचें बियाणें, भाव येईपर्यंत थांबविलेला माल, फवाऱ्याचा पंप, ताडपत्री, ठिबकाच्या नळ्या, इतक्यांची सोय पाहावी लागते. नकाशा त्यांचा आणि सामान आमचें! मग सर्व पोतीं पॅसेजांत येऊन उभीं राहतात.

आमच्याच घरीं हें घडलें. तालुक्याच्या गांवीं नकाशा काढून घेतला. त्यांत कोठी नव्हती. पॅसेज ३ फूट रुंद व २२ फूट लांब. पहिल्याच सुगीस सोयाबीनचीं पोतीं एका भिंतीशीं उभीं केलीं, तेव्हां चालण्यास जेमतेम दीड फूट उरला. चारपांच दिवसांचा प्रश्न म्हणून कोणी लक्ष दिलें नाहीं. भाव पडलेला असल्यामुळें तीं पोतीं तीन महिने तेथेंच राहिलीं. एके रात्रीं वीज गेलेली असतां आमचे वडील लघुशंकेस उठले, पोत्यास अडखळून पडले, आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. त्यांना बाहेर काढावयाचें तर पॅसेजास काटकोनांत वळण. फळीवर निजविलेला माणूस त्यांतून वळेना. शेवटीं गोधडीच्या झोळींत घालून चौघांनीं बाहेर आणलें. त्या झोळींतल्या वेदना, पुढें काठी घेऊन चालूं लागल्यावरहि, ते विसरले नाहींत. दोष नकाशा काढणाराचा म्हणावा, तर त्यानें आमच्या पोत्यांविषयीं विचारलें नव्हतें हें खरें. पण आम्हीं तरी कोठें सांगितलें होतें?

पुढें आम्हीं हिशेब करून पाहिला. पावणेदोन फूट रुंदीची फळी ३ फुटी वाटेच्या काटकोनांतून आडवी न्यावयाची तर ती जेमतेम ५ फूट लांब असली तरच वळते; म्हणजे मोठा माणूस तिच्यावर निजवून नेतां येत नाहीं. तीच वाट ४ फूट रुंद असेल तर पावणेआठ फूट लांबीची फळी वळते. पोतें घेऊन जाणाऱ्यास व समोरून येणाऱ्यासहि हा एक फूट फार उपयोगी पडतो. परंतु रुंदीस पैसा लागतो. ३० फूट × ४० फूट घरांत मध्यभागीं ४ फुटी पॅसेज लांबीच्या बाजूनें आरपार नेला, तर १२०० चौरस फुटांपैकीं १६० चौरस फूट, म्हणजे शेंकडा तेरांहून अधिक जागा, निव्वळ चालण्यांत जाते. वाचकांनीं आपल्या गांवचा बांधकामाचा दर या १६० नें गुणून पाहावा. आमचें मत असें कीं, वाट रुंद असावी पण आंखूड असावी. शक्य तितक्या खोल्यांचीं दारें जुन्या रीतीप्रमाणें माजघरांतच उघडावीं. पॅसेज ठेवावयाचाच तर तो निजण्याच्या खोल्या व न्हाणीघर यांस जोडण्यापुरता, दहाबारा फुटांचा व वळणाशिवाय असावा. त्याच्या टोंकास खिडकी ठेवावी, आणि खोल्यांचीं दारें पॅसेजांत न उघडतां आंत उघडावीं.

वाट मोकळी राहावयाची तर पोत्यांस स्वतःची खोली पाहिजे. कोठी किती मोठी असावी? आडवें ठेवलेलें पोतें सुमारें ३ फूट × २ फूट जागा घेतें. सोयाबीनच्या बियाण्याचें टरफल नाजूक असतें. त्याचीं पोतीं एकावर एक चारपांचांहून अधिक रचूं नयेत व वरून आपटूं नयेत. पांचांची थप्पी धरली तर ४० पोत्यांच्या ८ थप्प्या होतात, आणि त्या चार-चारांच्या दोन रांगांत लावल्या म्हणजे ६ फूट × ८ फूट जागा व्यापतात. चोहोंकडून २ फूट मोकळे सोडावे, म्हणजे थप्पी भिंतीची ओल घेत नाहीं व उंदीर-घुशी दृष्टीस पडतात. याप्रमाणें १० फूट × १२ फूट कोठी पुरते. खालीं लांकडी फळ्यांची मांडणी करून पोतीं जमिनीपासून चारसहा इंच उचलून ठेवावीं. ज्वारी-गहूं यांसारखें धान्य शेंकडा १२ हून अधिक ओलावा असतांना भरलें, तर उत्तम कोठींतहि तें राहणार नाहीं. खोलीनें उन्हाचें काम होत नसतें. कोठीची भिंत न्हाणीघराशीं लागूं देऊं नये. बियाणें ठेवावयाचें असल्यास ती चुलीच्या भिंतीशींहि नसावी, कारण उष्णतेनें उगवण घटते.

कोठीचें दार पडवीकडे असावें, म्हणजे ट्रॉली पडवीस लावून माल परभारें आंत जातो. घराच्या बाजूस दुसरें दार ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. दाणे काढण्यास पडवींतून फेरा पडतो ही घरांतील स्त्रियांची तक्रार खोटी नाहीं. तिच्यावर उपाय म्हणून महिन्याचे दाणे राहतील अशा पत्र्याच्या कोठ्यांस स्वयंपाकघरांत जागा आंखावी.

दार नको असें आम्ही आग्रहानें म्हणतो, त्याचें कारण विष. धान्यास कीड लागली म्हणजे पुष्कळजण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोत्यांत टाकतात. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फीन नांवाचा अति विषारी वायु सुटतो. तो दाराखालच्या फटींतून व भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलींत जातो. निजलेल्या माणसांस तो कळेलच असें नाहीं, आणि त्यावर उतारा म्हणून खात्रीचें औषध नाहीं. अशा रीतीनें घरांत निजलेलीं माणसें, विशेषतः लहान मुलें, दगावलीं आहेत. या गोळ्यांच्या विक्रीवर व वापरावर कायद्याचें बंधन आहे तें उगीच नव्हे. राहत्या घराशीं लागून असलेल्या कोठींत त्या मुळींच वापरूं नयेत, मग दार असो वा नसो. दार नसलें म्हणजे निदान निष्काळजीपणास एक वाट कमी.

फवारणीच्या औषधांसहि घरांत जागा नाहीं, कोठींतहि नाहीं. तीं पॅसेजांतील कपाटांत, जिन्याखालीं, फार काय पण स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्यासाठीं घराबाहेर, गोठ्यापासून व वैरणीपासून दूर, वारा खेळेल असें कुलुपाचें कपाट मुलांचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर करावें. औषध मूळच्या डब्यांतच ठेवावें. पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलींत ओतून ठेवणें म्हणजे मरण घरांत आणून ठेवणें होय.

आतां भिंतींतील कपाटांविषयीं. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत असें समजून लोक तींत हवीं तेवढीं फडताळें कोरतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसें मेलीं. तेथील दगडमातीच्या भिंती दोन फूट व त्याहूनहि जाड होत्या. परंतु आंतल्या व बाहेरच्या थरांस सांधणारे आरपार दगड नसल्यामुळें ते थर सुटले, आणि माळवदाच्या मातीचें ओझें निजलेल्या माणसांवर आलें. अशा भिंतींत फडताळ कोरणें म्हणजे एक थर जवळजवळ नाहींसा करणें होय. जुन्या घरांत नवें फडताळ कोरूं नये. असलेलीं कोपऱ्याच्या किंवा दाराच्या अगदीं जवळ असतील तर तीं बुजवून घ्यावीं. नव्या घरांत ओझें पेलणाऱ्या भिंतीस हात न लावतां, दोन खोल्यांमधील पडदीच्या जागीं कपाटें बांधावीं. एकाचें तोंड एका खोलीकडे, दुसऱ्याचें दुसरीकडे. घडीचे कपडे व भांडी यांस १५ इंच खोली पुरते, टांगण्याच्या कपड्यांस २ फूट लागते. त्याहून खोल कपाटांत मागची वस्तु दिसत नाहीं, व पुन्हा नवी विकत आणली जाते. खरेदीखतें, कर्जाचे कागद व पासबुकें यांचें कपाट आंतल्या कोरड्या भिंतीशीं, फरशीपासून चार इंच उंच असावें. वाळवी लांकडाच्या पायांतून वर चढते.

पॅसेजावरची पोकळी वाया जाऊं देऊं नये. खोलीची उंची १० फूट असल्यास ७ फुटांवर माळा घातला तरी गाद्या, गौरी-गणपतीचें सामान व मोठीं भांडी सहज मावतात. जड पोतीं तेथें चढवूं नयेत.

नकाशा कागदावर पाहून समाधान मानूं नये. पाया खणण्यापूर्वीं जागेवर फक्कीनें सर्व भिंती, दारें व कपाटें खऱ्या मापांत आंखावीं. घरांतील सर्व माणसांनीं त्या रेषांतून चालून पाहावें. एकानें पोतें उचलून ट्रॉलीच्या जागेपासून कोठीपर्यंत जावें. मग साडेसहा फूट लांब व पावणेदोन फूट रुंद अशी फळी दोघांनीं धरून प्रत्येक निजण्याच्या खोलींतून अंगणापर्यंत आडवी न्यावी. जेथें तिचा कोपरा रेषेबाहेर जाईल, तेथें रेषा पुसून पुन्हा आंखावी व मगच गवंड्यास कुदळ मारूं द्यावी.