टॅब्लेट कपाटात, मूल बाकावर

चार वर्षांपूर्वी एका देणगीदाराने आमच्या शाळेला दहा टॅब्लेट दिले. हारतुरे झाले, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी टॅब्लेट लोखंडी कपाटात गेले. त्या वर्षी ते तीनदा बाहेर आले. दोनदा पाहुण्यांना दाखवायला आणि एकदा चार्जिंग करायला. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, म्हणून या दोषात माझाही वाटा आहे. हे कोणत्या मुलासाठी, कोणत्या तासाला आणि कशासाठी वापरायचे, हे आम्ही कुणीच विचारले नव्हते.

त्याच वर्षी सहावीत एक मुलगा होता. बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. लाइट गेल्यावर कारखान्यातले कामगार काय काय करतात याची नक्कल तो अशी करायचा की वर्ग हसून लोळायचा. मकतबात हाफिजसाहेब सांगायचे, याला ऐकून ऐकून सूरा लवकर पाठ होतात. पण पुस्तक उघडले की तो गप्प. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ, जोडाक्षर आले की गाडी अडली. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायला अर्धा तास. आणि मी, बी.एड. झालेली शिक्षिका, त्याला उभे करून धडा मोठ्याने वाचायला लावत होते. सवयीने येईल, असे मला वाटायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचे अब्बा शाळेत आले. म्हणाले, "आपा, याच्या नशिबात इल्म नाही. कांड्या भरायला बसवतो."

मी त्यांच्याकडून एक महिना मागून घेतला. कशाच्या जोरावर, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

अशा अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. मुलाची बुद्धी कमी नसते. वाचणे, लिहिणे किंवा हिशेब यांपैकी एखाद्या वाटेवर त्याचे पाऊल अडते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार दिले आहेत, त्यांत हिचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांतले जे आधी येईल तेव्हा, शाळेतच मुलांची प्राथमिक चाचपणी व्हायला हवी होती. आमचा मुलगा सहावीत पोचला तरी ती झाली नव्हती.

उर्दू शाळेतल्या मुलावर ओझे आणखी वेगळे असते. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलते. 'स' या एका आवाजाला से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे. जेर, जबर, पेश बहुधा लिहिलेले नसतात, त्यामुळे 'इस' आणि 'उस' कागदावर सारखेच दिसतात. कोणता ते वाक्यावरून ओळखायचे. जो मुलगा एकेका अक्षराशी झुंजतो आहे, तो वाक्यापर्यंत पोचणार कधी? भारतीय भाषांतल्या वाचनाच्या अडचणी तपासण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली. 2015 मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. त्या चार भाषांत उर्दू नव्हती.

गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक आमच्याकडे आले, तेव्हा मी उत्साहाने कपाट उघडून टॅब्लेट दाखवले. त्यांनी कपाट बंद करायला सांगितले आणि कोरा कागद मागितला. अमेरिकेतल्या जॉय झबाला या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक साधी रीत घालून दिली आहे. आधी मूल पाहायचे, मग त्याचा भोवताल, मग त्याला करायचे असलेले काम, आणि साधन सर्वांत शेवटी. आपण नेमके उलटे करतो. साधन आधी आणतो, मग त्याच्यासाठी मूल शोधतो.

आम्ही तो कागद भरला. मूल: ऐकून समजते, तोंडी उत्तर उत्तम, वाचन तिसरीच्या पातळीचे. भोवताल: वर्गात 62 मुले, घर कारखान्याला लागून, घरात एकच स्मार्टफोन, तोही दिवसभर अब्बांकडे. काम: धडा समजून घेणे, फळा उतरवणे, उत्तर लिहिणे. एवढे लिहून झाल्यावर लक्षात आले की तिन्ही कामांना तीन वेगळी साधने लागणार, आणि त्यांतल्या एकाला तर टॅब्लेटची गरजच नाही.

धड्यासाठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज वापरला. मराठीत तो बरा चालला. उर्दूत यंत्रही कधी कधी 'इस'चे 'उस' करत होते. यंत्राची चूक पकडल्यावर मुलगा पहिल्यांदा वर्गात मनापासून हसला. फळा उतरवायच्या ऐवजी फळ्याचा फोटो काढायचे ठरले. उत्तरासाठी बोलून लिहायची सोय. गुगलने 2017 मध्येच मराठी आणि उर्दूत ती आणली आहे. पण वर्गातल्या गोंगाटात ती चालेना आणि घरी तर यंत्रमागाच्या खटखटीपुढे माणसाचे बोलणे माणसाला ऐकू येत नाही. शेवटी मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटे वाचनालयाची खोली त्याला दिली.

पहिला आठवडा वाईट गेला. त्याने हेडफोन लावला की मुले चिडवायची, "हा गाणी ऐकतो." त्याने हेडफोन दप्तरात कोंबला. ही गोष्ट आमच्या कागदावर नव्हतीच. मग दोन बाकांवरच्या पाच मुलांना हेडफोन दिले, त्यातली दोन चांगली वाचणारी होती. चिडवणे थांबले. टॅब्लेट कोण चार्ज करणार, किल्ली कुणाकडे राहणार, लाइट नसेल त्या दिवशी काय करायचे, हेही लिहून काढले. क्षुल्लक वाटते, पण आमची योजना पहिल्यांदा बंद पडली ती याच कारणाने. दोन दिवस चार्जरच सापडत नव्हता.

सर्वांत चांगले साधन मात्र घरातून मिळाले. त्याची अपी तेव्हा नववीत होती. ती रात्री अब्बांच्या फोनवर इतिहासाचा धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची. कठीण शब्द आला की थांबून घरातल्या बोलीत समजावायची. त्याची सर कुठल्या ॲपला येणार? ज्या घरात मोठी बहीण, खाला किंवा वाचता येणारी दादी आहे, तिथे ही सोय फुकट आहे.

ऐकून धडा समजला म्हणजे वाचन आले, असे मात्र नाही. रोज वीस मिनिटे मी त्याच्याशी अक्षरांवरच काम करत होते. रवा पसरलेल्या ताटात बोटाने 'भ', मग 'म'. 2007 चा 'तारे जमीन पर' अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या शिक्षकाकडे वाळू, माती आणि रंग होते. साधनामुळे मुलाचा धडा मागे पडत नाही, म्हणून अक्षरांसाठी सवड मिळते. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की आईवडील म्हणतात, "मोबाइल वाचून देतो, मग हा कशाला शिकेल?" त्याच्या अब्बांनीही हेच विचारले होते. त्यांना चष्म्याचे उदाहरण देऊन पाहिले, पटले नाही. मग मुलाकडून धडा तोंडी ऐकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कांड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

परीक्षेचा विचारही त्याच कागदावर हवा. बोर्डाच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. टॅब्लेट तिथे बरोबर नेता येईल, या भरवशावर बसू नये. म्हणून आठवीपासून आम्ही त्याला माणसाला उत्तर सांगायचा सराव दिला. बोलून लिहिण्याची सवय इथे कामी आली. पूर्ण वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडायचे, हे तो यंत्राकडून शिकला होता. प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळाले तरी 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी, असे 2018 च्या सूचनांत होते. तारखा वहीत लिहून ठेवा, दहावीच्या तोंडावर धावपळ करू नका.

तो आता दहावीत आहे. वाचन अजून संथ आहे, 'घ' आणि 'ध' अजून कधी कधी जागा बदलतात. या वर्षी आमच्या यादीत अकरा मुले आहेत आणि चालू टॅब्लेट सहा. अकरा कागद भरून झाले, तेव्हा दिसले की चौघांना टॅब्लेट नकोच आहे. एकीला फक्त मोठ्या अक्षरातली पाने हवीत, दोघांना पुढचा बाक, आणि एकाचा चष्म्याचा नंबर कुणी तपासलाच नव्हता.