दोन रोधकांचा हिशेब

१९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्हिड फुलगर यांनी रचलेला '७४१' हा क्रियात्मक विवर्धक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील ऑप-अँप, प्रयोगशाळांत आजही आढळतो. आपल्या धन व ऋण या दोन आदानांवरील विद्युत् दाबांतील फरक तो सुमारे दोन लाख पटींनी वाढवितो. परंतु ही प्रचंड पट जशीच्या तशी फारशी उपयोगाची नाही. फरक एक दशांश मिलिव्होल्ट असला तरी प्रदान दाब वीस व्होल्ट व्हावा लागेल. पंधरा व्होल्टांच्या पुरवठ्यावर तो होणे अशक्य. शिवाय ही पट प्रत्येक नगात निराळी असते.

यावरचा मार्ग हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्येच सुचला होता: प्रदानाचा काही अंश उलट दिशेने आदानाकडे परत द्यावा. प्रदान आणि ऋण आदान यांच्यामध्ये १०० किलोओहमचा, तर ऋण आदान आणि भूमी यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोधक जोडला, की प्रदानाचा १०१ वा भाग ऋण आदानावर येतो. तो धन आदानावरील दाबाच्या बरोबरीस येईपर्यंत प्रदान वाढत राहते. म्हणजे मंडलाची पट १०१ ठरते. आता विवर्धकाची मूळ पट दोन लाखांवरून एक लाखावर घसरली, तरी मंडलाच्या पटीत दोन हजारांत एक भाग एवढाच फरक पडतो. सारी जबाबदारी दोन स्वस्त रोधकांवर येते!

हेच मंडल पोलादाला पाणी देण्याच्या भट्टीवर वापरून पाहू. भट्टीत 'के' प्रकारचे तपयुग्म आहे. ते अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट दाब देते. '७४१' चा स्वतःचा असमतोल मात्र दोन मिलिव्होल्ट असू शकतो, आणि रोधकांना खरा दाब कोणता व खोटा कोणता हे कळत नाही. दोन मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ पन्नास अंश! मापकावर ८०० दिसत असता भट्टी ७५० वर असेल, तर पोलाद हवे तसे कठीण होणार नाही.

पाय क्रमांक १ व ५ यांच्यामध्ये १० किलोओहमचा बदलता रोधक जोडून त्याचा मधला पाय ऋण पुरवठ्याला द्यावा, आदान भूमीला जोडावे आणि प्रदान शून्यावर आणावे. असमतोल तेवढ्यापुरता जातो. पण भट्टीशेजारची पेटी तापू लागली की तो पुन्हा डोके वर काढतो. अशा ठिकाणी 'ओपी-०७' घेणेच शहाणपणाचे. त्याच्या चांगल्या प्रतीत असमतोल ७५ मायक्रोव्होल्टांच्या आत, म्हणजे दोन अंशांहून कमी असतो. '७४१' च्या जागी तो बसतो. मात्र आधीचा बदलता रोधक काढून टाकावा, कारण 'ओपी-०७' मध्ये ही जुळणी १ व ८ या पायांवर असून मधला पाय धन पुरवठ्याकडे जातो.