तार हट्टी का होते?

मढच्या किनाऱ्यावर भिजलेली जड ताडपत्री वाळूवर पसरली आहे असे समजा. एकदम ओढलीत तर हलणार नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्या, ताडपत्री तेवढीच सरकेल.

आता तांब्याची जाड तार मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली लालभडक तापवून निववा. ती बोटांनी सहज वाकेल. सरळ करू जाल, तर मात्र जुना बाक राहून शेजारी नवे बाक पडतील! असे का?

तांब्याच्या स्फटिकांत अणूंचे थर असतात. अख्खा थर सरकवायला किती जोर लागेल, याचे गणित फ्रेंकेल यांनी १९२६ साली मांडले. उत्तर प्रत्यक्षाच्या हजारो पट आले! (त्यांना नापास करू नका, चुकले होते ते गृहीत.) १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की अणूंच्या रचनेतही सुरकुतीसारखी चूक असते आणि ती सरकते. हाच स्थानभ्रंश.

तार वाकवताना स्थानभ्रंश वाढतात, एकमेकांत अडकतात. टेलर यांच्या सूत्रानुसार त्यांची दाटी ४ पट झाली, तर त्यांचा विरोध २ पट होतो. तीच तार पुन्हा तापवून निववा. गुंता बराच सुटलेला असेल. मग बाक सरळ करून पाहा.