पडद्यावरची तालीम

मायकल जॅक्सनचे लंडनच्या ओटू अरीनात 50 कार्यक्रम ठरले होते. त्यातला एकही झाला नाही. जुलै 2009 मध्ये पडदा उघडायचा होता आणि 25 जूनला तो गेला. मागे उरलं ते लॉस एंजेलिसमधल्या तालमींचं शंभर तासांहून अधिक चित्रीकरण. केनी ओर्टेगा त्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक होता. त्यानेच या चित्रीकरणातून 'धिस इज इट' उभा केला आणि 28 ऑक्टोबर 2009 ला तो जगभरच्या चित्रपटगृहांत लागला.

मी तो नागपुरात पाहिला. वर्ष राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या जन्मशताब्दीचं होतं. पडद्यावर लॉस एंजेलिस होतं, पण मला पदोपदी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या गावांतली भजनी मंडळं आठवत होती.

जॅक्सनला महाराष्ट्राने याआधी पाहिलं होतं. 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला, शिव उद्योग सेनेच्या पुढाकाराने. पण एवढ्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसतो तो झगमगाट. काम दिसत नाही. ते या चित्रपटात दिसतं.

एका गाण्याच्या सुरुवातीला तो वादकांना थांबवतो. संगीत संयोजक मायकल बिअर्डन वाजवतोय ते सूर बरोबरच आहेत, पण जॅक्सनला तिथे घाई नकोय. सूर जरा मुरू द्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. दुसऱ्या प्रसंगी कानातल्या यंत्राचा आवाज त्याला सहन होत नाही. तक्रार तो करतो, पण आवाज न चढवता. ज्युडिथ हिलबरोबरच्या युगुलगीतात रंगून जाऊन मोकळ्या गळ्याने गातो, खाली बसलेले नर्तक ओरडून दाद देतात, तर तो त्यांनाच विनवतो की मला असं गायला लावू नका, गळा राखायचाय. आणि तरुण गिटारवादक ओरिआंथीला सांगतो, ही जागा तुझी आहे, सगळ्यात वरचा सूर लाव.

भजनाच्या तालमीत बसलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीच्या साथीने भजनं गात गावं जागवली. 1955 मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही जाऊन आले. आज विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. स्पर्धा जवळ आली की दिवसभराचं शेतातलं काम आटोपून मंडळी रात्री देवळात जमतात. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून आधी खंजिरी शेकायची. मग पेटीवर सगळ्यांना झेपेल अशी पट्टी धरायची. खंजिरीवाला रंगात येऊन लय वाढवतो, मागे म्हणणाऱ्या बाया-पोरं मागे पडतात, आणि बुवा हात वर करून सगळ्यांना थांबवतात. धृपद पुन्हा पहिल्यापासून. पोरांना दम मिळतो, आताच गळा बसवू नका.

या चित्रपटाची एक उणीवही सांगितली पाहिजे. निवडलेल्या क्षणांत जॅक्सन ताकदीचा दिसतो. त्याची ढासळती झोप आणि झोपेसाठी दिलं जाणारं भुलीचं औषध पडद्यावर येत नाही. त्याच्या मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल त्याचा डॉक्टर 2011 मध्ये दोषी ठरला. तेव्हा हा त्याच्या शेवटच्या दिवसांचा पूर्ण दस्तऐवज नाही. कला कशी घडते, याचा मात्र आहे.

आणि असा दस्तऐवज आपल्याकडे फार थोडा आहे. भजनं ध्वनिमुद्रित होतात, स्पर्धेचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यातून काय गायलं ते कळतं. कसं बसवलं, ते कळत नाही. जुने खंजिरीवादक बोटांची ठेवण नातवाच्या वयाच्या पोराला हात धरून शिकवतात. ती शिकवणी त्यांच्याबरोबर संपू नये, असं मला मनापासून वाटतं. यासाठी पैसा लागत नाही. खिशातला फोन देवळाच्या कोनाड्यात उभा केला तरी पुरे. फक्त नंतर त्यातली चुकलेली सम आणि थांबवलेलं धृपद कापू नये. शिकणाऱ्याला तेच लागतं.