अवेळी हवा आणि द्राक्षाचा हंगाम

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत द्राक्षासवाची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथे हेतू नाही. ज्या पिकाच्या गुणावर वर्षभराच्या हवेची मोहोर उठते, ते पिकविणाऱ्याची जोखीम ध्यानात यावी, इतकाच उद्देश आहे.

द्राक्ष पिकू लागले म्हणजे मण्यातील साखर वाढते व आंबटपणा उतरतो. रस आंबविताना साखरेचा मद्यार्क होतो. आंबटपणामुळे आसवास तरतरी व टिकाऊपणा येतो. दोहोंचा मेळ बसला तरच आसव उत्तम. ऊन अति झाले तर साखर भराभर चढते, आंबटपणा सरतो, आणि सालीतील रंग व स्वाद मात्र मागे राहतात. उलटपक्षी, तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला तर मणी फुगून तडकतात, कुजतात व रस पातळ होतो.

फ्रान्समधील बोन गावाच्या द्राक्षतोडणीच्या इ. स. १३५४ पासूनच्या तारखा अभ्यासकांनी जुळविल्या आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सुमारे तेरा दिवस अलीकडे आली. २००३ च्या उष्ण लाटेत तर ती ऑगस्टमध्येच झाली. २०२१ साली मार्चअखेरच्या उबेने वेलींस कोवळे कोंब फुटले, आणि एप्रिलच्या आरंभीच्या कडक थंडीने ते करपले. बागाईतदारांनी रात्रभर मळ्यांत शेगड्या पेटविल्या, तरी त्या वर्षी देशाचे उत्पादन फारच घटले.

आपल्या नाशिककडील क्रम निराळा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ हिवाळ्यात पोसते. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला तर कोवळ्या घडांवर डावणी रोग पडतो. त्यावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. हा उपायही फ्रान्समधील बोर्डो प्रांतातूनच आला. परंतु गारांवर फवारा चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील अनेक बागा झोडपून काढल्या.

तात्पर्य, पाऊस, ऊन वा थंडी स्वतः वाईट नव्हे. वेळ चुकली की तीच घात करतात. धान्याचा शेतकरी पुढील हंगामी पीक बदलू शकतो. द्राक्षवेल मात्र वर्षानुवर्षे त्याच जमिनीत उभी असते. तिच्यासाठी काढलेले कर्जही तसेच उभे राहते. म्हणून संकटकाळी मदतीचा विचार करताना केवळ बुडालेले पीक मोजू नये. पुढील छाटणीचा खर्चही मोजावा.