वळू कोण निवडतं?

दोस्तांनो, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला कधी गेलात, तर खंडोबाचं दर्शन घेऊन जनावरांच्या बाजारात जरूर शिरा. गडद तांबडी दिसते ती लाल कंधारी, कंधार भागातली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लोंबते कान असले, की समजा ती लातूरकडची देवणी!

या जाती आपोआप घडल्या का? छे! शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरदार छातीचा, मजबूत खुरांचा गोऱ्हाच वळू म्हणून राखला. बाकीच्यांचे बैल केले. बापाचा बांधा वासरांत उतरत गेला. यालाच म्हणतात निवड.

पण हे काम फार सावकाश चालतं. जपानी लावा पक्षी सहा-सात आठवड्यांत अंडी घालतो. त्याच्या वर्षात तीन-चार पिढ्या होतात. म्हणून निवडून निवडून त्याचं वजन लवकर वाढवता येतं. गाईची एक पिढी व्हायला मात्र चार-पाच वर्षं लागतात!

आता ट्रॅक्टर आले, संकरित गाई आल्या. गावातला जातिवंत वळूच गेला, तर आजोबा-पणजोबांची ही मेहनत पुन्हा उभी करायला किती वर्षं लागतील? करा बरं हिशेब!