५१ टक्क्यांची रेघ

म्हैसूरमधील माझ्या छोट्या दुकानात कॉफी भाजली जाते, दळली जाते आणि पाव-अर्धा किलोच्या पुड्यांत विकली जाते. कच्च्या बिया शेजारच्या कोडगू जिल्ह्यातून आणि त्यापलीकडील चिक्कमगळूरहून येतात. गिऱ्हाईक आसपासच्या गल्ल्यांतले. भाव मात्र दूरदेशी ठरतो. अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, रोबस्टाचा लंडनच्या. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये पाऊस हुकला आणि २०२४ मध्ये रोबस्टा टनाला पाच हजार डॉलरच्या वर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची मर्यादा ओलांडली. त्या दुष्काळाची झळ माझ्या भट्टीपर्यंत पोहोचली.

बागायतदाराला मिळालेल्या या भावाबद्दल माझी तक्रार नाही. १९४२ च्या कॉफी कायद्यानुसार त्याला आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावे लागे. १९९२ पासून हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि १९९६ पर्यंत विक्री पूर्णपणे खुली झाली. देशातील बहुसंख्य बागा दहा हेक्टरहून लहान आहेत. मंदीची वर्षे त्यांनी सोसली, तर तेजीचा लाभही त्यांनाच मिळायला हवा. परंतु खुल्या बाजाराच्या या चर्चेत बागायतदार असतो, निर्यातदार असतो. लहान भाजणारा क्वचितच असतो.

त्याचे गणित साधे आहे. भाजताना बियांतील पाणी उडून जाते आणि शंभर किलोचे ऐंशी ते पंच्याऐंशी किलोच उरतात. समजा, कच्चा माल ४०० रुपये किलोने घेतला आणि ८३ किलो हाती आला, तर गॅस, मजुरी व भाडे धरण्यापूर्वीच किलोमागे ४८० रुपयांहून अधिक पडतात. शिवाय तोडणीचा हंगाम नोव्हेंबरपासून जेमतेम चार महिन्यांचा. ज्याच्याकडे भांडवल आहे, तो तेव्हाच वर्षाचा साठा करतो. माझ्यासारखा दर आठवड्याला चार पोती उचलतो आणि प्रत्येक चढउतार अंगावर घेतो.

अशा वेळी सर्वांत सोपी वाट चिकोरीची. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणारे हे मूळ फिल्टर कॉफीला दाटपणा आणि गडद रंग देते. दक्षिणेत अनेकांना त्यावाचून कॉफी गोड लागत नाही. कायद्याची अट इतकीच, की मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि पाकिटावर प्रमाण छापलेले असावे. ८० टक्के आणि ५२ टक्के कॉफी असलेली मिश्रणे दोन्ही कायदेशीर. खर्चात मात्र मोठे अंतर. भाव चढले तेव्हा एका खानावळवाल्याने मला सरळ सांगितले, ‘चव थोडी उतरली तरी चालेल, दर वाढवू नका.’ मी प्रमाण ८०:२० च ठेवले आणि दर वाढवला. त्याने दुकान बदलले.

त्याने कोठून घ्यावे, हा त्याचा हक्क. प्रश्न आहे तो ताज्या दळलेल्या सुट्या पुडीचा. कागदी पिशवीत बांधून दिलेल्या पुडीवर प्रमाण कोण वाचणार? थंड पाण्यात चिमूटभर टाकल्यास चिकोरी रंग सोडत तळाशी जाते, कॉफी वर तरंगते. पण नेमके प्रमाण प्रयोगशाळाच सांगू शकते. तपासणी विरळ असेल, तर ५१ टक्क्यांची रेघ केवळ प्रामाणिक माणसालाच बांधते.

मला अनुदान नको. सुटी पूड विकणाऱ्या प्रत्येक दुकानात मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लावणे सक्तीचे व्हावे, नमुने नियमित तपासले जावेत आणि तारण ठेवलेल्या साठ्यावर हंगामापुरते कर्ज लहान व्यावसायिकालाही मिळावे. लंडनचा भाव आपल्या हाती नाही. पेल्यात काय आहे हे गिऱ्हाइकाला कळणे आपल्या हाती आहे. जास्त पैसे देऊन कमी कॉफी पिणाऱ्याला निदान ते ठाऊक तरी असावे.